पट्ट्याचं एकेक घर

प्रिय काडीपहिलवान,

रविवारी तुझा फोन आला. पुढच्या महिन्यात रजा मिळालीय, येतोय, आईला सांगू नका, तिला चकित करायचंय, एवढं बोललास आणि ठेवूनही दिलास. मी रिसीव्हर हातात धरून उभाच. तुला पहिल्यापासून घाई. जन्माला यायचीसुद्धा घाईच होती, डॉक्टर पोचायच्या आत हजर झाला होतास. मला जे सांगायचं होतं ते राहून गेलं. खरं तर ते फोनवर सांगताही आलं नसतं, कारण फोन पुढच्या खोलीत आहे आणि पुढच्या खोलीत तुझी आई बसलेली असते. सकाळी जेवली की नाही हे तिला आठवत नाही, पण कान अजून तिखट आहेत. म्हणून हे पत्र. तू म्हणशील, बाबांनी पत्र लिहिलं म्हणजे नक्की कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. सगळे घरातच आहेत, झाला तर एखादा जास्तच आहे.

आधी स्पष्ट सांगून टाकतो. आईचं विसरणं तुला वाटतं त्याच्या फार पुढे गेलंय. तू विचारायचास आणि मी म्हणायचो, ठीक आहे, वयोमान आहे, चालायचंच. आता तसं म्हणून भागणार नाही. तू दारात येऊन उभा राहिलास तर ती तुला ओळखणार नाही, असं मला वाटतं. तू हसत हसत पुढे होशील आणि ती पदर सावरून विचारेल, कोण पाहिजे आपल्याला? हे मला बघवायचं नाही रे, आणि तुला सोसवायचं नाही. तिने तुला एकदा, निदान एकदा, आपला मुलगा म्हणून ओळखावं, यापलीकडे मला आता काहीही नको आहे. त्यासाठी मी एक उद्योग आरंभला आहे. पण तो कळायचा तर आधी पुतळ्याबद्दल सांगावं लागेल. तू वैतागणार हे माहीत आहे. तरी वाच.

माझ्या त्या सामानावरचा तुझा राग मी विसरलेलो नाही. ब्रिटिश फौजेचे जुने पट्टे, काडतुसांच्या थैल्या, पाठपिशव्या, बाटल्यांची वेष्टणं. जन्म गेला माझा नवारीच्या कारखान्यात, मागावर तीच ती पलंगाची नवार निघताना बघत. मग एकदा भंगारवाल्याकडे फौजेचा पट्टा हातात आला आणि मी चाटच पडलो. इतकी घट्ट वीण, इतका सरळ काठ, कापसाची आहे म्हणून सांगावं लागावं. तिथून जे खूळ शिरलं ते शिरलंच. तुझी आई म्हणायची, लोक नवार पलंगाला बांधतात, आमच्याकडे नवारीला पलंग दिलाय. खरंच होतं, तुझा जुना पलंग पाठपिशव्यांखालीच गेला होता. आणि पुढच्या खोलीत ते दुकानातून आणलेले बिनडोक्याचे पुतळे, अंगावर सगळा सरंजाम चढवून उभे. ती त्यांना पाहुणे म्हणायची. केर काढताना म्हणायची, पाहुण्यांनो, पाय वर घ्या.

तुला वाटायचं मी वस्तू गोळा करतो. मी खरं तर माणसं वाचत होतो. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं, पण तू ऐकायला थांबायचास कुठे. बघ, या पट्ट्याच्या आतल्या बाजूला विणतानाच छोटी छोटी घरं ठेवलेली असतात. दोन्ही टोकांचे पितळी आकडे ज्या घरात अडकवाल तेवढा पट्टा कंबरेला बसतो. एकाच घरात आकडे वर्षानुवर्षं राहिले की पितळेचा कळंक नवारीत उतरतो आणि हिरवट डाग पडतो. त्या डागावरून कळतं की हा माणूस केवढा होता. खांदेपट्ट्यांवरच्या डागांवरून कळतं की एक खांदा उतरता होता का. एका पट्ट्यावर तर मला डागांची रांगच मिळाली होती, एकेक घर आत आत सरकत गेलेली. तो माणूस वाळत चालला होता. कुठे, का, ते कोण सांगणार. मी तो पट्टा बरेच दिवस कपाटात ठेवला आणि कपाटाकडे पाठ करून बसायचं टाळत होतो. म्हणून आम्हा नादिष्टांत एक रीत आहे: मिळालं त्या मापावर ठेवायचं. धूळ झटका, बुरशी काढा, पण आकडा हलवायचा नाही. आकडा हलला की आतला माणूस गेला.

ती रीत मी एकदाच मोडली, तुझ्यासाठी. तो पूर्ण संच मला मिळाला तेव्हा तू एकोणीसचा होतास. सगळे तुकडे एकाच सालाचे, सगळ्यांवर एकाच कारखान्याचा शिक्का, आणि वरचा हिरवट रंगही एकाच हाताने चोपडलेला. आमच्या मंडळींच्या मेळाव्यात तो जिवंत माणसाच्या अंगावर दाखवायचा अशी मला हौस आली. तो ज्याचा होता तो तुझ्याहून आडवा होता. मी त्याचे आकडे काढले आणि तुझ्या कंबरेवर आणले. तू हात पसरून उभा, कंटाळलेला, मी बकलं ओढतोय, आणि आई शेजारी उभी राहून म्हणतेय, अहो, पोराला श्वास तरी घेऊ द्या. मेळाव्याहून परत आल्यावर ते सगळं काढलं तिनेच. मी गप्पा मारत बसलो होतो. आधी थैल्यांची बकलं, मग पाठपिशवी, मग खांद्यावरून पट्टे उतरवून शेवटी कंबर. तुझ्या खांद्यावर वळ उठले होते ते तिने तळहाताने चोळले. पुढे दर मेळाव्याला हेच. मी चढवायचं, तिने उतरवायचं.

मग तू गेलास. जाताना जे बोललास ते मी उगाळत नाही. या घरात मेलेल्यांच्या पट्ट्यांना जितकी जागा आहे तितकी जित्यांना नाही, हे काही अगदीच चुकीचं नव्हतं. तुझ्या मापाचा तो संच मी पुतळ्यावर चढवला, तुझाच जुना खाकी शर्ट खाली घालून, आणि खिडकीशी उभा केला. आकडे होते तिथेच राहू दिले. वर्षं गेली, पितळ आपलं काम करत राहिलं. आता त्या पट्ट्यात दोन डाग आहेत, एक त्याचा आणि एक तुझा.

आईचं खरं विसरणं सुरू झालं ते तुझ्यापासूनच. आधी चुलीवर दूध उतू जायचं, चाव्या पिठाच्या डब्यात सापडायच्या, त्यावर आम्ही दोघं हसायचो. मग एके दिवशी संध्याकाळी ती दार उघडं टाकून जिन्यात जाऊन उभी राहिली. विचारलं तर म्हणाली, तो अजून आला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी सांगायचो, अगं, तो नोकरीला आहे, लांब आहे, रविवारी फोन करतो. ती मान डोलवायची आणि थोड्या वेळाने पुन्हा जिन्यात. शेजारचे आपापली दारं हळूच लावून घ्यायचे. हिवाळ्यात ती अनवाणी उभी राहायची, मी शाल घेऊन मागे. तिला ओढून आत आणताना माझ्या मनात काय काय यायचं ते लिहीत नाही.

आणि मग ते एकदम थांबलं. एका संध्याकाळी ती जिन्याकडे वळलीच नाही. मी आत डोकावलो, तर खिडकीशी पुतळ्याच्या समोर खुर्ची ओढून बसली होती आणि त्याच्या पट्ट्यात बोटं अडकवून हळू आवाजात बोलत होती. आलास का, दमलास का, केवढं ओझं देतात रे तुम्हाला. मी दारातच थबकलो. तिला सांगायला पुढे झालो, पण तिचा चेहरा पाहिला आणि मागे सरलो. किती महिन्यांनी तो चेहरा असा निवांत पाहत होतो मी. पुतळ्याला डोकं नाही हे तिला खटकत नाही. तिला चेहरा लागतच नाही, खांदे लागतात. दिवसभर तिच्याकडे बघायला ज्या बाई येतात त्यांना मी घाबरत घाबरत सांगितलं. त्या म्हणाल्या, काका, अजिबात खोडून काढू नका. त्या म्हणतात त्याला हो म्हणायचं. त्यातच त्यांना सुख आहे.

तेव्हापासून आम्ही हो म्हणतो. आई त्याच्यासाठी ताट वाढून ठेवते. बाई ते उचलून आत नेतात आणि काकू, संपवलं हो सगळं, म्हणून सांगतात. स्वतःच संपवतात, त्यांची तब्येत छान सुधारलीय. बाकीचं सामान मी वाटून टाकलं. घड्याळजी आठवतो ना, घड्याळं दुरुस्त करता करता माझ्याच नादाला लागलेला? निम्मं त्याने नेलं, निम्मं गावोगावच्या मंडळींनी. तुझा पलंग मोकळा आहे. खोलीत आता एकच पुतळा, आणि खोली पूर्वीपेक्षा भरलेली वाटते.

तुला हसू येईल, पण मला त्याची भीती वाटते. दमट हवेत नवार आखडते, ऊन वर आलं की सैलावते आणि बकल जरासं सरकून टिक् असं वाजतं. हे सगळं मला पाठ आहे. नवारीच्या स्वभावावर मी पोट भरलंय. तरी दुपारी आई झोपलेली असते, मी पेपर वाचत असतो, टिक् होतं आणि मी मान वर करून बघतो. परवा मी त्याला ओलांडून खिडकी लावायला गेलो आणि तोंडातून निघून गेलं, सरक जरा. मग विचार आला की मी हे म्हणालो कोणाला? तुला? की ज्याचे आकडे मी तुझ्यासाठी काढून टाकले त्याला? त्याची आईसुद्धा कुठल्या तरी जिन्यात उभी राहिली असेल. त्याचा डाग अजून आहे, तुझ्या डागाच्या दोन बोटं अलीकडे. मी तो रोज बघतो. बघायचा नाही ठरवूनही बघतो.

मागे बाईंच्या मोबाईलवर आपण तिला तुझं तोंड दाखवलं होतं, आठवतं? ती तुला म्हणाली, नमस्कार, बरे आहात ना, आमचा मुलगाही घरीच आहे, बोलवू का? तू खो खो हसलास. तुला वाटलं आई फिरकी घेतेय. मीही हसलो, कारण तू हसत होतास. नंतर तिने मला विचारलं, गृहस्थ सज्जन वाटले, कोण हो ते?

म्हणून तुझा रविवारचा फोन आला आणि माझी झोप उडाली. तू येणार, आणि तुझी जागा तर भरलेली. पहिल्यांदा वाटलं, पुतळाच हलवावा. घड्याळजीला बोलावलं. त्या संचावर त्याचा डोळा किती वर्षांपासून आहे तुला माहीत आहे, धावतच आला. आई आत झोपलीय असं बघून त्याने पट्ट्याला हात घातला. आणि ती दारात. ओरडली नाही, रडली नाही. अगदी घरच्या माणसाला विचारावं तशी म्हणाली, भावजी, याला कुठे नेताय? आत्ताच आलाय तो. घड्याळजीने हात काढून घेतला. टेबलावरची टोपी उचलली, वहिनी येतो म्हणाला आणि गेला. जिन्यात मी त्याला गाठलं तर डोळे पुसत होता. म्हणाला, परत मला याच्यासाठी बोलावू नकोस. त्या संध्याकाळी आईने खुर्ची दाराच्या आड लावली आणि तिथेच बसून राहिली, कोणी त्याला नेऊ नये म्हणून.

दोन दिवस मी नुसता येरझारा घालत होतो. पुतळा काढता येत नाही, तुला येऊ नको म्हणवत नाही. येऊ नको असं मी आयुष्यात एकदाही म्हणालो नाही, तुला तसं वाटलं असलं तरी. मग माझ्या डोक्यात एक आलं. ती ज्याला ओळखते तो एकोणीसचा आहे. तू आता चाळिशी ओलांडलीस, केस मागे गेलेत, पोट पुढे आलंय, मोबाईलवर दिसलं मला. तिच्यासाठी त्या दोघांच्या मधला माणूसच नाही. ती वर्षं तिने पाहिलीच नाहीत. मीही नाहीत. तर ती तिला दाखवावीत, असं ठरवलं.

परवा दुपारी ती झोपली तेव्हा मी आकडे काढले आणि पट्ट्याचं एक घर सोडलं. आकडा कळंकाने धरून ठेवला होता, हलेचना. शर्टाच्या आत एक टॉवेल गुंडाळून भरला, खांदेपट्टे बोटभर सैल केले. आई उठली, नेहमीसारखी येऊन बसली, पट्ट्यावरून हात फिरवला आणि थांबली. मग मला हाक मारून म्हणाली, अहो, भरलाय हो हा जरा. अंगाला लागतंय आता याच्या. काल मी आणखी एक घर सोडलं. रोज थोडं थोडं सोडत जाणार आहे, तू येईपर्यंत. तू आलास की सरळ वर येऊ नकोस, खालून बाईंना फोन कर. ती झोपलेली असताना मी पुतळा आत नेईन, सगळं तुझ्या अंगावर चढवीन, आणि तू खिडकीशी हात पसरून उभा राहा. कंटाळा आला तरी उभा राहा. ती उठून येईल आणि एकेक बकल सोडायला लागेल. ते तिचे हात विसरलेले नाहीत, बाईंच्या ॲप्रनची गाठसुद्धा ती तशीच सोडते. शेवटी कंबर सुटेल आणि आत तू असशील. म्हणून एवढं लगेच कळव: छाती किती, कंबर किती, खांद्यापासून कंबरेपर्यंत किती. पोट आत न ओढता मोज, तिथे फसवलंस तर सगळंच फसेल. किती घरं सोडायची ते मला कळत नाहीये, कारण माझ्याकडे तुझं माप आहे ते एकोणिसाव्या वर्षाचं. आजचं मला माहीत नाही.

तुझाच,
तुझ्या मापासाठी अडून बसलेला,
बाबा